फक्त पंप धुतला

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात धान होत नाही. सोयाबीन, कपाशी, तूर, मका सगळं होतं. तांदूळ तेवढा किराणा दुकानातून येतो. तरीही धामणगाव बढ्याजवळच्या आमच्या गावात, पाझर तलावाच्या भिंतीखाली, धानाचा एक लहानसा तुकडा आहे आणि तो माझा आहे. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, पण गावात कोणालाही विचारा. 'धानवालीची बांधी' म्हटलं की कोणीही बोट दाखवेल.

धानवाली म्हणजे मी. माझं माहेर भंडाऱ्याकडचं. तिकडे पावसाळाभर माणसं चिखलात उभी असतात आणि दोन्ही वेळा भात खातात. लग्न होऊन इकडे आले तेव्हा पहिल्याच दिवशी ताटात भाकरी आली, आणि भात आला तो शेवटी, चमचाभर, प्रसाद द्यावा तसा. मी रडले. माहेर सुटलं म्हणून रडते आहे असं समजून सगळ्यांनी माझी समजूत काढली. खरं कारण जाऊबाईंना कळलं आणि त्यांनी ते गावभर केलं. तेव्हापासून मी धानवाली. माहेरी गेले की तिकडचे मला 'भाकरीवाली' म्हणून चिडवतात. दोन्हीकडून ऐकून घ्यायची मला सवय झाली आहे.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मात्र ती गोष्ट मनावर घेतली. तलावाच्या भिंतीतून पाणी पाझरायचं आणि खालचा तुकडा पावसाळाभर चिबडलेला असायचा. सोयाबीन तिथे पिवळं पडून सडायचं. मामाजी म्हणाले, "पोरी, तुह्या माहेराहून बी आण अन् लावून पाह्य. असंही तथी काही होत नाई." मी बी आणलं. चारी बाजूंनी मातीचे धुरे घालून पाणी अडवलं, रोपं तयार केली आणि पदर खोचून रोवणीला उतरले. अर्धं गाव धुऱ्यावर उभं राहून बघत होतं. "काय वं, उलटी उलटी काऊन चालते?" बाया विचारत होत्या. रोवणी करताना मागे मागे सरकत जावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार? पाणी अडवलेल्या अशा तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. तो शब्दही इकडे मीच आणला.

धान लागलं, आणि त्याच्या मागोमाग बेडूक आले.

तलावात ते आधीही असतील, पण विखुरलेले. इथे त्यांना घोटाभर उथळ पाणी मिळालं, कोवळ्या रोपांची सावली मिळाली, आणि किडे तर आयते ताटात. पिवळेधमक मोठे बेडूक असायचे, बोटाच्या पेराएवढी बारकी बेडकं असायची, आणि खरबरीत अंगाचे भेकही. भेकांच्या अंड्यांच्या लांब लांब दोऱ्या पाण्यात पसरायच्या, कोणी काळ्या मण्यांची पोत धुवायला टाकावी तशा. मग शेपटीवाली पिल्लं. मग त्यांना पाय फुटले की धुऱ्यावर पाऊल टाकायला जागा नाही. धानाला कीड लागल्याचं त्या वर्षांत मला आठवत नाही.

आमचं घर गावाच्या टोकाला. मध्ये एक नाला, आणि नाल्यापलीकडे बांधी. दिवे लागले की तिकडून आवाज सुरू व्हायचा. जाऊबाई कानात बोटं घालायच्या आणि म्हणायच्या, "आलं वं तुह्यं माहेर, आलं!" मी चुलीपुढे भाकरी थापता थापता खरोखरच माहेरी जाऊन यायची. सासर माझं झालं ते त्या आवाजानं. माणसांना त्यानंतर बरीच वर्षं लागली.

त्यातही धोंडीनं माझा मान वाढवला. पेरण्या झाल्यावर पावसानं दडी मारली की आमच्या गावात बाया धोंडी काढतात. मुसळाच्या मधोमध फडक्यात एक जिवंत बेडूक बांधायचा, त्यावर कडुलिंबाचा पाला, दोघींनी मुसळाची दोन टोकं धरायची आणि गाणी म्हणत घरोघर हिंडायचं. ज्याच्या दारी धोंडी जाईल त्यानं बेडकावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि पसाभर ज्वारी घालायची. पूर्वी बेडूक सापडेल तिथला घेत. माझी बांधी झाल्यावर तो तिथलाच घ्यायचा असं ठरूनच गेलं. मी अट घातली होती. बेडूक मी स्वतः धरून देणार, फडकं ढिलं बांधायचं, आणि फिरून झालं की तो जिवंत माझ्या हातात परत आणून द्यायचा. बांधीत मीच सोडणार. "लेकीची पाठवणी करून राह्यली जशी," बाया हसायच्या, पण अट पाळायच्या. बाहेरून आलेल्या, भातासाठी रडणाऱ्या पोरीच्या दारी अख्ख्या गावाच्या बाया काहीतरी मागायला येत होत्या. मी तेव्हा मिरवायची, आणि त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही.

आता ह्यांच्याबद्दल. हे म्हणजे माझे मालक. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, आणि गेल्या पावसाळ्यापासून इच्छाही नाही. माणूस वाईट नाही. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, दारूच्या वाटेला गेले नाहीत. शांत माणूस. माझी जीभ तिखट, त्यामुळे लोक म्हणायचे की हा आहे म्हणून हिचं निभावलं. मलाही ते पटलेलं होतं.

मामाजी गेले, दीर-जाऊ वेगळे झाले, निंदणाला बाया मिळेनाशा झाल्या आणि शेतात तणनाशक आलं. त्याच्या मागून अळीचं औषध, मग पिवळेपणाचं, मग फुलं धरण्याचं. आमच्याकडे विषालाही औषधच म्हणतात. लेकराला ताप आला तरी औषध आणि अळी मारायची तरी औषध. पाठीवर फवारणीचा पंप लावून माणूस सोयाबीनमधून चालत गेला की दुसऱ्या दिवशी सगळं चिडीचूप. मला धडकी भरली. त्या वर्षी नवा तांदूळ घरात आला तेव्हा पहिला भात मी ह्यांच्या ताटात वाढला आणि तिथेच बोलले. "बाकी वावरात तुमच्या मनासारखं करा. पण माह्या बांधीत औषधाचा थेंब नको."

त्यांनी वाफाळत्या भातावर हात धरला. "या अन्नाची आन," ते म्हणाले. "तुह्या धानावर मी कधीच फवारणार नाई."

एवढं बोलून त्यांनी पहिला घास घेतला. मला भरून आलं. नवऱ्यानं बेडकांसाठी शपथ घेतली असं दुसरीच्या बाबतीत ऐकलं असतं तर मी पोट धरून हसले असते, पण माझ्यासाठी घेतली होती.

शपथ त्यांनी पाळली. धानावर कधी फवारलं नाही. उलट सोयाबीनवर फवारणी असली की ते मला शेतात येऊ देत नसत. औषधाच्या वासानं माझं डोकं धरतं, हे खरंच आहे. "तू नको येऊ," ते म्हणायचे. "वास जाऊ दे, मंग ये." मी घरी राहायची आणि शेजारणींना कौतुकानं सांगायची की आमच्या घरचे मला किती जपतात.

बेडकांचा आवाज एकदम थांबला नाही. एकदम थांबला असता तर मी तेव्हाच गाव डोक्यावर घेतलं असतं. आधी बारकी बेडकं दिसेनाशी झाली. मग अंड्यांच्या दोऱ्या दिसायच्या, पण काळे मणी पांढरे पडायचे आणि त्यांच्यावर बुरशीसारखं काहीतरी धरायचं. जी पिल्लं निघायची त्यातली काही एकाच जागी गोल गोल फिरत राहायची, शेपटी वाकडी. एकदा धुऱ्यावर बसलेल्या एका पिवळ्या बेडकाला मी बोटानं ढकललं. तो उडी मारायची विसरून गेला होता. नुसता एका अंगावर कलंडला.

मी घरी येऊन ह्यांना सगळं सांगायची. ते नीट ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि कारण सांगायचे. एका वर्षी म्हणाले, उन्हाळा लई कडक गेला. पुढे म्हणाले, तलावात माशांचं बीज सोडलं आहे, मासे अंडी खातात. मग बगळ्यांवर आलं. मग गावात मोबाईलचा टॉवर उभा राहिला आणि त्याच्यावर. प्रत्येक कारण मी खरं मानलं. बगळ्यांना तर मी ढेकळं मारली. बिचारे बगळे!

इकडे धानावर तुडतुडे यायला लागले आणि घरात डास. संध्याकाळी मी मुद्दाम मागच्या दारी जाऊन कान द्यायची. पलीकडून एखादा आवाज यायचा आणि बराच वेळ त्याला उत्तर मिळायचं नाही.

मागच्या दारी आमची मोरी आहे. तिथल्या फरशीखाली एक भेक राहतो. बांधीशी त्याचा संबंध नाही, तो घरचा. त्याच्या पुढच्या उजव्या पायाची बोटं तुटलेली आहेत. मोरीचा दगड सरकवताना चिरडली असावीत. दिवा लावला की तो बाहेर येतो, खुरडत खुरडत भिंतीशी बसतो आणि किडे टिपतो. ह्यांना त्याची किळस. पाय धुवायला गेले आणि तो दिसला की खराट्यानं ढकलतात. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. हट्टीपणात तो माझ्यावर गेला आहे असं हे म्हणायचे, आणि मी ते कौतुक समजून घ्यायची.

गेल्या पावसाळ्यात पेरणी साधली, रोवणीही झाली, आणि मग पाऊस जो गेला तो येईना. सोयाबीन माना टाकायला लागलं, त्यात अळी पडली. गावात सगळ्यांची फवारणी सुरू झाली, आमचीही. मी नेहमीप्रमाणे घरी होते. फवारणी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाया दारात आल्या. हातात मुसळ, खांद्यावर कडुलिंबाच्या डहाळ्या.

"धानवाले, चाल. बेंडूक दे."

बेडूक कमी झालेत हे मला माहीत होतं, पण एक तरी मिळेल असं वाटत होतं. हे घरात नव्हते, कोणाकडे तरी पान खायला गेले होते. असते तर त्यांनी मला 'वास जाऊ दे' म्हणून अडवलं असतं. मी पाणी ओतायचा तांब्या घेतला आणि बायांच्या पुढे निघाले.

मी बांधीत नेहमी तलावाच्या भिंतीकडून उतरते. त्या दिवशी बाया सोबत होत्या, त्यांना गाडीवाट सोयीची, म्हणून आम्ही सोयाबीनच्या बाजूनं आलो. तलावाच्या पाझरामुळे बांधीत तेवढ्या दडीतही पाणी होतं. वाटेकडच्या कोपऱ्यात धानाची काही रोपं तुडवली जाऊन सपाट झाली होती. मधोमध एक चपटा दगड. दगडाभोवती बुटांचे ठसे, औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या, पुड्यांची फाडलेली टोकं, आणि पाणी काढायला केलेली, तळ कापलेली प्लास्टिकची बाटली. पाण्यावर तेलकट तवंग होता आणि वास असा की माझं डोकं तिथेच धरलं.

"इथी कोण आलं होतं?" मी विचारलं.

आमच्या शेजारी ज्यांचं सोयाबीन आहे त्या घरची सून माझ्या मागेच होती. मला वहिनी म्हणते. ती सहज बोलावं तसं बोलली, "वयनी, इथीच तं सगळे पंप धुतात. आमच्या घरचे बी इथीच धुतात, औषधही इथलंच पाणी घेऊन कालवतात. दादाच म्हणले होते, इथी आयतं पाणी हाये, पंप घरी काऊन नेता म्हणून."

दादा म्हणजे आमचे हे.

मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुमाले माहीत नोतं?"

बाकीच्या बाया एकदम डहाळ्यांचा पाला नीट करायला लागल्या. सगळ्यांना माहीत होतं. त्यांना वाटत होतं की मलाही माहीत आहे, आणि धोंडीच्या वेळी मी उगाच बेडकांचं कौतुक करते. इतकी वर्षं या बाया माझी अट पाळत होत्या आणि मनातल्या मनात मला काय म्हणत असतील, या विचारानं मला पाण्यात उतरावंसंही वाटेना.

तरी उतरले. बायाही उतरल्या. आम्ही ती बांधी पायांनी चाळून काढली. एका धुऱ्याच्या कडेला एक पिवळा बेडूक सापडला. पोट वर, मागचे पाय ताठ. दुसरा जिवंत होता, पण हातात घेतला तर मान धरत नव्हता, तोंड उघडत होता आणि मिटत होता. एक म्हातारी म्हणाली, "चालते हाच. फडक्यात कोणाले दिसते?"

"मरत्याले मिरवता काय?" मी ओरडले. तो माझ्या हातातच गेला.

शेवटी बायांनीच मार्ग काढला. बांधीतलाच चिखल घेऊन त्याचा बेडूक केला, ज्वारीच्या दाण्यांचे डोळे लावले आणि मुसळाला बांधला. धोंडी थांबवता येत नव्हती, पाऊस सगळ्यांनाच हवा होता. त्या गावाकडे निघाल्या. मी मागे राहिले. त्या कोपऱ्यात वाकून दगडाशेजारचं पाणी तांब्यात भरलं आणि दुसऱ्या वाटेनं घरी आले.

हे परत आले होते. ओसरीवर बसून बशीतून चहा पीत होते.

"बांधीत फवारलं तुमी?"

"नाई," ते नेहमीच्या शांतपणानं म्हणाले. "आन घेतली होती म्या. आजवरी धानावर एक थेंब मारला नाई."

"मंग पंप कुठी धुता?"

बशी ओठांपाशी थांबली. मग त्यांनी ती खाली ठेवली.

"फक्त पंप धुतला," ते म्हणाले. "फवारलं थोडीच? धुतल्यावर त्यात राह्यते तरी कितीक?"

"अन् लोकायचे पंप?"

"आता शेजाऱ्यापाजाऱ्याले नाई कसं म्हणावं? पाणी तं पाणी, कोणाचं काय जाते?"

त्यांना खरोखर वाटत होतं की आपण शपथ पाळली आहे. आपण हिला फसवलं असं त्यांच्याकडे बघून वाटतच नव्हतं. माझ्यासमोर बसलेला माणूस तोच शांत माणूस होता. उन्हाळा, मासे, बगळे आणि टॉवर सांगताना हाच चेहरा होता. 'वास जाऊ दे, मंग ये' म्हणतानाही हाच. माझं डोकं दुखू नये म्हणून जपत होते ते मला, आणि मी घरी आहे तोवर तिकडे दगडावर पंप टेकवून धुतले जात होते. बाटल्या उचलून होईपर्यंत मला घरी ठेवायचं, एवढाच त्या जपण्याचा अर्थ होता. यावेळी पावसाच्या दडीनं बाया फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी, बाटल्या उचलल्या जायच्या आधी आल्या, म्हणून मला दिसलं.

मी तांब्या त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"हे बांधीचं पाणी. आन पाळली ना तुमी? मंग प्या एक घोट."

"येडी झाली काय वं?" ते दचकून मागे सरले. "औषधाचं पाणी हाये ते!"

बोलून गेले आणि मग त्यांनाच ते ऐकू आलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. प्यायला लागले असते तर मी त्यांचा हात धरला असता का? धरला असता बहुतेक. पण त्या क्षणी मला खात्री नव्हती, आणि ती नव्हती याची मला लाज वाटत नाही.

तेवढ्यात धोंडी दारात आली. बाया गात होत्या, मुसळ हलत होतं. पाणी ओतायला घरचं कोणीतरी पुढे व्हायला हवं होतं. मी हलले नाही. हे लगबगीनं आत गेले, माठातलं गार पाणी दुसऱ्या तांब्यात भरून आणलं आणि त्या चिखलाच्या बेडकावर ओतलं. मग हात जोडून डोळे मिटले. बेडकाचे पाय विरघळले, डोळ्यांचे दाणे अंगणात पडले आणि फडक्यातून गढूळ पाणी त्यांच्याच पायांवर टपकत राहिलं. बायांनी गाणं तसंच चालू ठेवलं. ज्वारीही ह्यांनीच घातली.

काही दिवसांनी पाऊस आला. बाया म्हणाल्या धोंडीनं आला, मोबाईलवर म्हणे तो आधीच सांगितलेला होता. सोयाबीननं मान उचलली. हे मला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा, मातीच्या बेंडकानं बी काम केलं." मी भाकरी वाढली आणि आत गेले.

मी बोलणं बंद केलं होतं. स्वयंपाक करायची, वाढायची, कपडे धुवायची, पण शब्द नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे किती जड गेलं ते मलाच ठाऊक. त्यांनी त्या कोपऱ्यात बाभळीच्या काट्या टाकल्या. शेताच्या दुसऱ्या टोकाला एक ड्रम नेऊन ठेवला आणि सगळ्यांना पंप तिथे धुवायला सांगितलं. शेजारच्या सुनेनं मला येऊन तसं कळवलंही. मी ऐकून घेतलं. ड्रम ठेवायला इतकं सोपं होतं तर तो तेव्हाच का नाही ठेवला, हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही.

बेडूक गेल्याचं मला दुःख आहे, पण त्याहून मोठं दुःख दुसरंच आहे. मी ज्याला रोज संध्याकाळी सांगत होते की आज पलीकडून आवाज आला नाही, तो माणूस मला ऐकत होता, मान हलवत होता, आणि का आला नाही हे जाणून होता. मला फसवलं याहून मला असं इतकी वर्षं काळजीनं ऐकून घेतलं, याचा राग जास्त येतो.

धान कापणीला यायच्या आधीची गोष्ट. तिन्हीसांजेच्या जरा आधी हे मागच्या दारी आले. चेहरा खुललेला होता. बऱ्याच दिवसांनी तसा दिसला.

"चाल माह्यासंगं," ते म्हणाले. "तुले एक दाखवाचं हाये. बोलू नको पाह्यजे तं. नुसती चाल."

गेले मी. का गेले? आशा सुटत नाही माणसाची. नाला ओलांडला, काट्या टाकलेल्या कोपऱ्याशी आलो. त्यांनी धानाची पाती हातानं बाजूला केली आणि हळूच बोट दाखवलं.

"पाहा. आला का नाई? म्या म्हणलं नोतं, पाणी चांगलं झालं की येतीन म्हणून? आता तं बोल वं."

पाण्यात एक भेक बसला होता. अर्धा बुडालेला, गळ्याखाली धडधडणारा. त्यानं पुढे सरकायला पाय टाकला, आणि तो पाय लंगडा पडला. उजवा पुढचा. बोटं नसलेला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते हसत होते, माझं तोंड कधी उघडतं याची वाट बघत होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर ओल्या मातीचा डाग होता. त्यांनी त्याला खराट्यानं ढकललं नव्हतं या खेपेला, हातानं उचलून आणलं होतं. ज्याची किळस यायची त्याला खिशात घालून आणलं, माझा अबोला सुटावा म्हणून. कोणाला हे प्रेम वाटेल. मलाही क्षणभर वाटलं असावं, कारण माझे डोळे भरून आले.

मग मी खाली वाकले आणि त्याला पदरात घेतला. तो थंडगार होता, हलत नव्हता. हे काहीतरी बोलत होते, माझ्या मागे येत होते. मी नाल्यावरून भरभर घरी आले, माठातलं पाणी पातेल्यात ओतून त्याला पुन्हा पुन्हा धुतलं आणि फरशीजवळ ठेवला. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग खुरडत खुरडत आत गेला.

हे दारात उभे होते.

"काऊन वं आणला त्याले परत?" त्यांनी विचारलं. "तुह्यासाठीच तं सोडला होता."

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"त्या पाण्याचा घोट तुमी घेतला नाई," मी म्हणाले. "अन् याले त्यात सोडलं."